एक पन्नासांश सेकंद

गेले काही महिने माझ्या डोक्यात शटर स्पीड, म्हणजे कॅमेरा एकेका चित्रासाठी किती वेळ उजेड घेतो तो आकडा, सोडून दुसरं काही नाहीये. भाजी निवडताना, बसच्या खिडकीतून बाहेर बघताना, रात्री जेवणं उरकून सिनेमा लावला की तेव्हाही. मी सिनेमाच्या लाइनमधली नाही, नोकरी वेगळीच आहे, पण सिनेमे बघायचं वेड कॉलेजपासूनचं आणि फोनवर व्हिडिओ काढायचं वेड त्या मानाने नवं. ही दोन वेडं एकत्र आली आणि एक प्रश्न पडला, तो काही केल्या पाठ सोडेना. म्हणजे बघा, आता साध्या मध्यम किमतीच्या फोनमध्येसुद्धा फोर के व्हिडिओ येतो, चित्र इतकं स्वच्छ की समोरच्याच्या शर्टाचा धागा न धागा मोजता येतो, तरी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला की लगेच कळतं हे फोनवर काढलंय, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा एखादा ओरखडे पडलेला, रंग उडालेला सिनेमा लावला की तो पहिल्या फ्रेमपासून सिनेमाच वाटतो. असं का?

खूप वाचलं, खूप व्हिडिओ बघितले, आणि माझ्यापुरतं उत्तर असं सापडलं की सिनेमात प्रत्येक गोष्ट कुणीतरी ठरवलेली असते आणि आपल्या व्हिडिओत ती फोनने ठरवलेली असते. उजेड किती घ्यायचा, फोकस कुणावर, पांढरं किती पांढरं, आवाज किती मोठा. बरं, एकदा ठरवून तो गप्प बसत नाही, क्षणाक्षणाला परत ठरवत राहतो. आणि मी जी काही चार-दोन वस्तू या छंदासाठी घेतल्यात (एक ट्रायपॉड, फोन पकडायचा क्लॅम्प, एक काळी काच आणि एक कॉलर माइक) त्यांचं काम एवढंच, की फोनकडून एकेक निर्णय काढून आपल्या हातात घेणं.

शटरपासूनच सांगते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यातलं प्रत्येक चित्र किती वेळ उजेड घेऊन टिपलंय, ही खरी मजा आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात एक गोल फिरणारी तबकडी असायची, साधारण अर्धी उघडी अर्धी बंद, त्यामुळे प्रत्येक चित्राच्या वाट्याला सेकंदाचा ४८वा भाग यायचा. तेवढ्या वेळात चालणाऱ्या माणसाचा हात जरासा सरकतो, कडा किंचित पुसट होतात, आणि एकामागून एक अशी पुसट चित्रं आली की आपला डोळा ती सांधून घेतो आणि हालचाल मऊ वाटते. आता फोन भर उन्हात काय करतो? बहुतेक फोनमध्ये लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, कमी-जास्त होतच नाही, कायम सताड उघडं, एफ १.८ वगैरे. मग उजेड कमी करायला त्याच्याकडे मार्ग राहतो तो शटरचा. तो शटर हजारांश, चार हजारांश सेकंदापर्यंत खाली नेतो. प्रत्येक चित्र लख्ख, सुटं सुटं, कुठेही पुसट कड नाही, आणि ती पळायला लागली की हालचाल टकटक टकटक अशी दिसते. चित्रात खोट काढायला जागा नाही आणि तरी बघवत नाही, याचं कारण हे.

त्यावर उपाय म्हणजे ती काळी काच, एनडी फिल्टर. गॉगलच्या काचेसारखी दिसते पण रंग बदलत नाही, फक्त उजेड अडवते. माझी ६४ नंबरची आहे, म्हणजे उजेडाचा ६४वा भागच आत सोडते. हिशोब सोपा आहे, कडक उन्हात फोन १/३२०० च्या आसपास जात असेल तर ६४ने भागल्यावर बरोबर १/५० वर येतो. मी पहिल्यांदा फिल्टर लावून रस्त्यावरची वर्दळ शूट केली आणि रिक्षाची चाकं, माणसांचे पाय, उडणारा पदर सगळं एकदम सिनेमातल्यासारखं वाहायला लागलं तेव्हा मी खरंच रस्त्यात उभी राहून तोच तुकडा परत परत बघत होते. फिरवून कमी-जास्त करता येणारा फिल्टरही मिळतो पण त्यात दोन पोलरायझर एकावर एक बसवलेले असतात, आणि स्वस्तातला असला की पूर्ण फिरवल्यावर चित्रावर फुलीसारखी काळी छाया पडते, म्हणून मी एकाच नंबरचा घेतला.

४८ ऐवजी ५० का, तर आपल्याकडची वीज. ती ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातल्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्यांना कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. शटर १/६० वर गेलं की चित्रात त्या सरकणाऱ्या पट्ट्या येतात. १/५० ठेवा, पट्ट्या गायब. म्हणून मी घरात आणि बाहेर सेकंदाला २५ चित्रं (फ्रेम) आणि शटर १/५० एवढंच धरून बसते. फोनच्या प्रो मोडमध्ये हे होत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं ॲप फुकट आहे, त्यात सगळं हाताने ठरवता येतं.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती उन्हाळ्यात मावशीकडे, साताऱ्याला. कुरडया.

मावशीच्या कुरडया आमच्या सगळ्या खानदानात जातात. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा, वरचं पाणी काढून टाकायचं आणि सकाळी उन्हं वर यायच्या आत मीठ-हिंग घातलेल्या आधणात चीक ओतून ढवळायचा. तो शिजताना गठ्ठ होत जातो, मग चकाकायला लागतो, आणि त्यातून जाडजूड बुडबुडे फद् फद् फुटतात. हे सगळं मला फोनवर घ्यायचं होतं, कारण मावशीचे खांदे आता दुखतात आणि पुढच्या वर्षी ती हा घाट घालेल का नाही माहीत नाही.

स्वयंपाकघरात ऑटोवर फोन लावला आणि एकेक गोष्ट समजत गेली. पातेल्यातून वाफ आली की फोकस वाफेवर, वाफ हलली की मावशीच्या बांगड्यांवर, मग मागच्या डब्यांवर, मग परत वाफेवर. मावशी गडद हिरव्या साडीत पुढे वाकली की फोनला वाटायचं अंधार झाला, चित्र उजळायचं, ती मागे झाली की परत काळवंडायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चीक करडा दिसत होता. कॅमेऱ्याचं मीटर ढोबळमानाने समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं आहे असं धरून चालतं, त्यामुळे फ्रेमभर पांढरी वस्तू आली की तो ती खाली ओढतो. कुरडईचा चीक, तांदूळ, पांढरं धोतर, सगळ्याची तीच गत. मग मी फोकस पातेल्याच्या काठावर लॉक केला, उजेड हाताने थोडा वर ठेवला, पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) खिडकीच्या उजेडावर बांधून टाकला, आणि फोनला हात लावायचा बंद केला. तेवढ्यात मावशी म्हणाली, "अगं तुझं होईपर्यंत चीक गार होईल, आणि गार चीक सोऱ्यातून पडत नाही. मी थांबायची नाही हां." आणि ती थांबली नाहीच, ते बरंच झालं. कॅमेऱ्यासाठी काम थांबवलं असतं तर ते काम राहिलं नसतं.

गच्चीवर प्लॅस्टिकच्या कागदावर ती सोऱ्या फिरवत कुरडया घालत गेली. मी ट्रायपॉड अगदी खाली, जमिनीलगत लावला, काळी काच चढवली, आणि तिचे दोन हात आणि सोऱ्या एवढंच फ्रेममध्ये घेतलं. सोऱ्याची मूठ फिरते, खालून तो पांढरा, ओला, वाफाळता चीक तारांसारखा उतरतो, मनगट गोल फिरतं, एक वेटोळं, दुसरं वेटोळं, आणि शेवटी बोटाने तार तोडायची ती एक हलकीशी झटक. ती झटक १/५० वर जशी येते तशी दुसऱ्या कशातच येत नाही. बोट किंचित पुसट होतं आणि कुरडई मात्र स्थिर. ऑटोवर काढलेल्या तुकड्यात तेच बोट थिजल्यासारखं दिसतं. हे दोन तुकडे शेजारी लावून मी भावाला दाखवले, त्याला यातलं काही कळत नाही, तरी त्याने बरोबर १/५० वाल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

उन्हात फोन तापतो हे मात्र लक्षात ठेवायला हवं. स्क्रीन मंद होते, मग ॲप बंद पडतं. फोनवर छत्री धरायची आणि चार्जिंगला लावून शूट करायचं नाही, एवढं केलं की निभतं.

आवाजाबद्दल थोडं, कारण लोक त्याकडे बघतच नाहीत आणि चित्र साधारण असलं तरी चालतं पण आवाज वाईट असला की कुणी दोन मिनिटं बसत नाही. फोनमध्ये आवाज आपोआप वर-खाली करणारी यंत्रणा असते. शांतता झाली की तिला वाटतं आवाज कमी पडतोय, मग ती वर ओढत जाते, आणि पंख्याची घरघर, फ्रीजची गुरगुर सगळं मोठं होऊन येतं. कुकरची शिट्टी झाली की घाबरून एकदम खाली आणते, आणि मावशीचं पुढचं अर्धं वाक्य त्यात जातं. म्हणजे फोनच्या व्हिडिओत खरी शांतता नसतेच. सिनेमात मात्र शांतता ठरवून ठेवलेली असते, कुणीतरी बसून ती केलेली असते, हे मला कॉलर माइक विकत घेतल्यावर उमगलं. साडीला माइक लावायचा तर पदरावर नाही, पदर घासतो, खांद्याच्या पिनेजवळ लावायचा, आणि गच्चीवर वारा असला की ते केसाळ कव्हर घालायचं. त्या रेकॉर्डिंगमध्ये मावशी कुणाशी नाही, स्वतःशीच, "ही जरा मोठी झाली" असं म्हणते, इतक्या हळू की मी समोर बसून मला ते ऐकू आलं नव्हतं.

आता या सगळ्याने सिनेमा बघणं बदललं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आधी मी गोष्ट बघायचे, आता गोष्ट बघता बघता मधेच वाटतं, अरे, कॅमेरा इथे का ठेवलाय? चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) मी ट्रायपॉड घेतल्यानंतर परत बघितला. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांब, जागच्या जागी, कोर्टाची अख्खी खोली दाखवत उभा असतो. पहिल्यांदा बघताना मला तो संथ वाटला होता, आता वाटतं की एवढं न हलता उभं राहायला किती धीर लागतो! कारण मी स्वतः ट्रायपॉड लावल्यावर दुसऱ्याच मिनिटाला हात शिवशिवतो, जरा झूम करू, जरा तिकडे वळवू. न हलणं हासुद्धा निर्णय आहे, आणि तो पूर्ण सिनेमाभर पाळणं फार अवघड आहे.

आणि म्हणूनच नव्या टीव्हींचा मला राग येतो. भावाकडे नवा मोठा टीव्ही आला, त्यावर कुठलाही सिनेमा लावला तरी तो मालिकेच्या सेटवर काढल्यासारखा दिसायचा, गुळगुळीत, घसरता. टीव्ही काय करतो, तर २४ चित्रांच्या मधे स्वतःच्या मनाने आणखी चित्रं बनवून घालतो. क्रिकेटला ते बरं दिसतं, चेंडू नीट कळतो, पण सिनेमात ज्या पुसटपणासाठी माणसं जीव टाकतात तोच हा पुसून टाकतो. टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरी यांनी २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून लोकांना हे सेटिंग बंद करा म्हणून विनवलं होतं, आणि पुढच्या वर्षी काही कंपन्यांनी मिळून 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, जो हे सगळं एका बटणात बंद करतो. प्रत्येक कंपनी त्या सेटिंगला वेगळं नाव देते, पण पिक्चरच्या सेटिंगमध्ये मोशन असा शब्द दिसला की तिथे जा आणि बंद करा. कृपया करा. ज्याने कुणी महिनोन्महिने खपून ती फ्रेम ठरवली त्याच्यासाठी करा.

दादासाहेब फाळक्यांबद्दल शाळेत एका परिच्छेदात वाचलं होतं, 'राजा हरिश्चंद्र', १९१३, भारतीय सिनेमाचे जनक, संपलं. आता ट्रायपॉड हातात आल्यावर त्यांची वेगळीच गोष्ट मनात बसलीय. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणि कच्ची फिल्म घेऊन आले. आता सिनेमा काढायला पैसा घालणारा कोणीतरी हवा, आणि त्याला पटवायला काहीतरी दाखवायला हवं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला, आणि रोज थोडं थोडं टिपत अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंतचं चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढताना दिसलं आणि पैसेवाल्याचा विश्वास बसला. आज आपण टाइमलॅप्स म्हणतो ते हेच. मी गच्चीवर जुन्या फोनवर कुरडया वाळतानाचा टाइमलॅप्स लावला होता, फोनमध्ये एक बटण दाबलं की झालं. त्यांच्याकडे फिल्मला भोकंसुद्धा घरी, अंधारात पाडायला लागायची, आणि ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. त्या हातांचा मला फार आदर वाटतो, आणि वाटतं की वाटाण्याच्या त्या मिनिटभराच्या चित्रणाला 'राजा हरिश्चंद्र'इतकाच मान मिळायला हवा.

कॅमेराही तेव्हा हाताने फिरवायचा. सेकंदाला मुठीचे साधारण दोन फेरे, म्हणजे १६ चित्रं. वेग कॅमेरामनच्या मनगटात. तो थकला तर पडद्यावरची माणसं घाई करायची. आणि कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेराच बनवला! नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. चुलतभाऊ आनंदराव आणि ते मिळून या खटाटोपात होते, आनंदराव १९१६ मध्ये गेले, तरी बाबूरावांनी सोडलं नाही, सहकारी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ मध्ये देशी कॅमेरा उभा केला, तानीबाई कागलकर या गायिकेने पैसा घातला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच मातीत माणसं पत्रा, लाकूड, भिंगं जोडत बसली होती, आणि आपण फिल्टर घ्यायचा का नाही यावर आठवडाभर विचार करतो.

फोनवर काढलेल्या सिनेमांचं उदाहरण लोक लगेच देतात, 'टँजरीन' बघा, आयफोनवर काढलाय, २०१५ मध्ये थिएटरला लागला, म्हणजे वेगळं सामान लागत नाही. हे अर्धं खरं आहे. दिग्दर्शक शॉन बेकरने तो आयफोन ५एस वर काढला हे बरोबर, पण फोनवर रुंद चित्र देणारी ॲनामॉर्फिक लेन्स चढवली होती, आणि उजेड-फोकस हाताने बांधून ठेवणारं ॲप वापरलं होतं. म्हणजे फोन होता, पण निर्णय फोनचे नव्हते.

एक मात्र सांगते, ऑटोला मी वाईट म्हणत नाही. पोरगं पहिलं पाऊल टाकतंय आणि तुम्ही शटर शोधत बसलात तर ते पाऊल गेलं. रात्रीच्या फोटोत फोन पटापट अनेक फ्रेम घेऊन त्या एकावर एक रचतो आणि अंधारातून चित्र काढतो, ते मला आजही कमाल वाटतं, आणि ते कुठल्याही माणसाच्या हाताने होणारं नाही. पण मागचं सगळं खोटं खोटं पुसट करणारा तो सिनेमॅटिक मोड मला अजिबात आवडत नाही, केसांच्या कडा खातो, कानातले डूल अर्धे गायब करतो.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की कराडकडे एका गुऱ्हाळावर जायचंय, ओळखीतून परवानगी मिळालीय. रात्रीचं शूट करायचंय. चुलाणाचा जाळ एकीकडे, काहिलीवर वाफेचे लोट, वरती एकच पिवळा दिवा, आणि मागे चरकाचा अखंड आवाज. तिथे काळ्या काचेचं काम नाही, उलट उजेड कमीच पडेल. जाळाचा पिवळेपणा जसाच्या तसा ठेवायचा हे ठरलंय, पांढऱ्याचा तोल उन्हाच्या आकड्यावर बांधला की जाळ केशरीच राहतो. चरकाचा आवाज वेगळा, दुसऱ्या फोनवर घ्यायचा हेही ठरलंय. फोकसचं मात्र अडलंय. काहिलीच्या काठावर बांधला तर उकळता रस आणि वरचा फेस छान मिळेल, पण गुळव्या पलीकडे उभा असेल, तो वाफेतून पुसट दिसेल. त्याच्यावर बांधला तर रस जातो. तिथे जाऊन, एकदा संपूर्ण आधण, म्हणजे रस ओतल्यापासून गूळ होईपर्यंतचं काम, नुसतं बघून मगच ठरवेन म्हणते.